रिकाम्या बाटलीचा धनी

भाईंदर स्टेशनाहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें म्हणजे मुर्धा, राई आणि मोरवा हीं गांवें एकामागून एक लागतात. पलीकडे खाजण, तिवरांची झाडी आणि मिठागरें असा हा मुलूख आहे. पहिला मोठा पाऊस होऊन गेला, किंवा अमावास्येची भरती येऊन ओसरली, कीं तिवरांच्या मुळ्यांत काय काय अडकून राहिलें आहे तें पाहण्याची मला फार दिवसांची संवय आहे. शाळेंत शिकवीत होतों तेव्हां मुलांनाहि तें दाखवावयास नेत असें. दुधाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, वेफर्सचीं चकचकीत पाकिटें, पाण्याच्या बाटल्या. एकदां मोरव्याच्याच एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हें सगळें कोणाचें आहे?"

श्रोतेहो, प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर मला चटकन देतां आलें नाहीं. पिशवींतलें दूध कोणाचें हें सांगतां येतें. तें आधीं डेअरीचें होतें, मग दुकानदाराचें झालें, आणि ज्यानें पैसे मोजले त्याचें शेवटीं झालें. परंतु दूध संपल्याबरोबर पिशवी कोणाची? डेअरीवाला म्हणतो, मीं ती विकून टाकली. गिऱ्हाईक म्हणतें, मीं दूध विकत घेतलें होतें, पिशवी नव्हे. कचऱ्याची गाडी म्हणते, माझ्यांत पडली तर माझी, नाल्यांत पडली तर नाल्याची. रिकामें झालेलें वेष्टन हा आपल्या बाजारांतला बेवारशी माल होऊन बसला आहे. तो नेहमींच तसा होता काय? इतिहास पाहतां तसें दिसत नाहीं. रिकाम्या भांड्याला आपल्याकडे पूर्वीं धनी असे. तो धनी कसा गेला, आणि त्याला परत कसें आणतां येईल, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभ आमच्या मिठापासूनच करूं. भाईंदरच्या मिठागरांतलें मीठ राशींनीं पडे आणि तेथून गोणींत भरून बाहेरगांवीं जाई. गोण म्हणजे तागाची. बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं रिश्रा येथें १८५५ सालीं जॉर्ज ॲकलंड यानें तागाचें सूत काढण्याची गिरणी घातली, आणि पुढें गोणपाट हेंच हिंदुस्थानच्या सगळ्या व्यापाराचें वस्त्र झालें. या गोणीला स्वतःची किंमत होती. माल ओतून घेतल्यावर ती झटकून, घडी घालून ठेवीत. फाटली तर दाभणानें शिवीत. अगदींच जीर्ण झाली म्हणजे ती पावसाळ्यांत डोक्यावर घ्यावयाची खोळ होई, आणि शेवटीं दारांतलें पायपुसणें.

घरांत मीठ येई तें मापानें, आपल्याच भांड्यांत. तेलासाठीं किटली न्यावी लागे. तूप कातड्याच्या बुधल्यांतून फिरे. रॉकेलचा पत्र्याचा डबा रिकामा झाला कीं तो धान्य सांठविण्याच्या किंवा पाणी तापविण्याच्या कामीं येई, आणि गळूं लागला म्हणजे त्यांत तुळस लावीत. वाण्याची पुडी जुन्या वर्तमानपत्राची. तिचा दोरासुद्धां घरची बाई गुंडाळून ठेवी. जेवणावळीची पत्रावळ पळसाच्या पानांची. ती दुसऱ्या दिवशीं खताच्या खड्ड्यांत जाई.

यावरून आपले पूर्वज मोठे निसर्गभक्त होते असें अनुमान कोणी काढील तर तें चूक होईल. भांडें महाग होतें आणि माणसाचे श्रम स्वस्त होते, इतकाच त्याचा अर्थ. कोंकणचा हापूस आंबा लांकडी पेटींत भाताच्या पेंढ्यावर निजून मुंबईस येई. पेंढा शेतांतला, पण पेटीसाठीं दरवर्षीं झाडें तुटत. आजचा पुठ्ठ्याचा खोका त्या मानानें झाडांवर दया करणाराच म्हटला पाहिजे. जुनें तेवढें सगळें निर्मळ होतें असें नाहीं. मात्र जुन्या व्यवहारांत एक गोष्ट स्पष्ट होती. भांड्याची किंमत मालाच्या किंमतीहून वेगळी धरली जाई, आणि ती कोणीतरी परत मागत असे.

याचें अगदीं सोपें उदाहरण म्हणजे गोटीची सोडावॉटरची बाटली. हायरम कॉड या इंग्रज कारागिरानें १८७२ च्या सुमारास ती काढली. गळ्यांत कांचेची गोटी, आणि आंतल्या वायूच्या दाबानेंच ती वर बसून तोंड बंद. बाटली सोड्यापेक्षां महाग. म्हणून दुकानांतच उभें राहून प्यावें आणि बाटली तेथेंच ठेवावी. बाहेर न्यावयाची असेल तर अनामत ठेवावी. या 'अनामत' शब्दांत माझ्या भाषणाचें सगळें सार आहे.

या तत्त्वावर मुंबईसारखें अफाट शहर दूध पीत होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शहरांत दुधाची टंचाई आणि भेसळ दोन्हीहि वाढलीं. गल्लीबोळांत कोंडलेले म्हशींचे गोठे बाहेर न्यावे आणि शुद्ध दूध सरकारी देखरेखीखालीं वांटावें, अशी योजना सरकारनें हातीं घेतली. दारा खुरोडी हे तिचे सूत्रधार होते. १९४९ मध्यें गोरेगांवनजीक आरे वसाहत वसली, आणि १९५१ मध्यें तेथील दुग्धालयाचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. म्हशीच्या दुधांत साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिळवून गरिबांस परवडेल असें 'टोन्ड' दूध करण्याची कल्पनाहि खुरोडींचीच. १९६३ मध्यें त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या ध्यानांत आहे.

आरेची बाटली कांचेची असे. तोंडावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचें झांकण. झांकणाच्या रंगावरून दुधाचा प्रकार ओळखावयाचा. दूधकेंद्रावर पहांटे रांग लागे आणि रांगेंतल्या प्रत्येकाच्या हातांत रिकामी, धुतलेली बाटली असे. रिकामी दिली तर भरलेली मिळे. केंद्रावर पुष्कळ वेळां कॉलेजांत शिकणाऱ्या मुली काम करीत आणि त्यांची नजर मोठी कडक असे. बाटलीचा कांठ उडालेला असला तर ती परत येई. लहानपणीं मी परळला मामांकडे गेलों असतां जिन्यांत माझ्या हातून अशी एक भरलेली बाटली निसटली. मामी धांवत बाहेर आली. दूध सांडलें याबद्दल ती कांहींच बोलली नाहीं, "अरे, बाटली गेली कीं रे!" एवढेंच तिच्या तोंडून निघालें. दूध तर उद्यांहि येणार होतें. बाटली नसेल तर मात्र तें येणार नव्हतें. त्या एका वाक्यांत रिकाम्या भांड्याचें जें मोल होतें, तें आज आपल्या घरांतून समूळ नाहींसें झालें आहे.

मग ही चांगली पद्धति मोडली कां? तिच्याविरुद्ध कोणी कट केला असें नाहीं. हिशेबानें ती हरली. कांचेची बाटली जड. दुधाची गाडी दुधाइतकेंच कांचेचें ओझें वाही, आणि परततांना नुसती कांच वाही. बाटल्या ऊन पाण्यानें आणि क्षारानें धुवाव्या लागत. त्यांत पाणी जाई, इंधन जाई, आणि फुटतूट होई ती वेगळीच. उलट पॉलिथीन पाहा. १९३३ मध्यें इंग्लंडांत नॉर्थविच येथील रासायनिक प्रयोगशाळेंत दुसरेंच कांहीं शोधीत असतां हा मेणासारखा पदार्थ अकस्मात् हातीं लागला. स्वीडनमध्यें स्टेन गुस्ताफ थुलीन यानें त्याची एकसंध पिशवी काढली. तिचें पेटंट १९६५ चें आहे. १९७४ मध्यें आपल्या किनाऱ्यापलीकडे मुंबई हायचें तेल सांपडलें, आणि पुढें रायगड जिल्ह्यांत नागोठणें येथें तेथील वायूपासून पॉलिथीन करणारा मोठा कारखाना उभा राहिला. कांचेच्या बाटलीच्या जागीं कांहीं ग्रॅम वजनाची पिशवी आली. त्याच गाडींतून जास्त दूध येऊं लागलें, फुटण्याची भीति गेली, धुण्याचें पाणी वांचलें.

हे सगळे लाभ खरे आहेत आणि ते नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु या हिशेबांत एक रकम मांडावयाची राहून गेली. रिकामी बाटली परत आणण्याचा खर्च पूर्वीं डेअरीच्या वहींत होता. पिशवी आल्याबरोबर तो वहींतून पुसला गेला आणि दूध स्वस्त पडलें असें वाटलें. वस्तुतः खर्च नाहींसा झाला नव्हता. त्याची नोंद दुसऱ्याच्या वहींत गेली होती. ती झाडूवाल्याच्या वहींत गेली, नाल्याच्या वहींत गेली, आणि आमच्या तिवरांच्या मुळ्यांत गेली.

मिठाचेंहि तसेंच झालें. १९८३ मध्यें टाटांचें आयोडीनयुक्त मीठ बंद पुड्यांतून घरोघर येऊं लागलें. आयोडीन दमट हवेंत उडून जातें. तें टिकावयाचें तर पाण्याला अभेद्य असें वेष्टन हवें. गलगंड आणि लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटणें या आपत्ति टाळण्यासाठीं आयोडीन नसलेलें मीठ खाण्यासाठीं विकण्यावर सरकारनें २००६ मध्यें बंदी घातली. तेव्हां "पुन्हां सुटें मीठ घ्या" असा उपदेश मिठागरांच्या शेजारीं राहणारा माझ्यासारखा मनुष्यहि करूं शकत नाहीं. वेष्टनाला कारण आहे. तें मान्य केलेंच पाहिजे. रिकामें झाल्यावर त्या वेष्टनाचें काय, एवढाच वाद आहे.

सर्वांत अवघड गोष्ट लहान पुडीची. तामिळनाडूंत कडलूर येथील चिन्नी कृष्णन यांनीं शांपू पुडींत भरून विकण्याची युक्ति काढली. त्यांचे चिरंजीव रंगनाथन यांनीं १९८३ मध्यें आपला धंदा सुरूं करून ती देशभर नेली, आणि मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्याहि त्याच वाटेनें गेल्या. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला पुरी बाटली घेणें शक्य नव्हतें. एका पुडीचे पैसे तिच्याजवळ होते. श्रीमंताची वस्तु तिच्या हातीं आली, याला सामाजिक न्याय म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण ही पुडी एका पदार्थाची नसते. प्लास्टिकचे निरनिराळे थर, मधें कित्येकदां ॲल्युमिनियमचा पापुद्रा, असें सगळें एकमेकांस चिकटविलेलें असतें. हे थर सोडवून निराळे करणें परवडत नाहीं, आणि पुडीचें वजन इतकें थोडें कीं दिवसभर वेंचल्या तरी भंगारवाल्याच्या तराजूवर त्यांचें माप भरत नाहीं. म्हणून कचरा वेंचणारी बाई बाटली उचलते आणि पुडी तेथेंच सोडून देते.

ही बाई या विषयांतली सर्वांत जाणती परीक्षक आहे. पुण्यांत १९९३ मध्यें 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली, तिच्या नांवांतच काय उचलण्यासारखें आहे याची यादी आहे. ज्या रिकाम्या वस्तूला भाव आहे तिला धनी मिळतो. जिला भाव नाहीं ती ओढ्याला मिळते.

याची जाणीव सरकारला झाली ती एका भयंकर दिवशीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचीं जुनीं गटारें तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या बेतानें बांधलेलीं, मिठी नदीचें पात्र भराव घालून अरुंद झालेलें, त्यांत भरती. प्रलयाचें सारें पाप पिशव्यांच्या माथीं मारणें योग्य नव्हे. पण तुंबलेल्या नाल्यांतून काय निघालें तें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि २००६ मध्यें महाराष्ट्रानें ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. पिशवी जाड झाली म्हणजे महाग होते, तिला वजन येतें, आणि ती वेंचण्याजोगी होते, असें या मायक्रॉनच्या हिशेबाचें मर्म आहे. केंद्रानेंहि पुढें हीच वाट धरली. २०१६ मध्यें ५०, २०२१ मध्यें ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉन, अशी मर्यादा चढत गेली.

२०१६ च्या केंद्रीय नियमांत याहून धाडसाची एक गोष्ट होती. पुनर्वापर करतां न येणारें अनेक थरांचें वेष्टन दोन वर्षांत बंद करावें असें त्यांत म्हटलें होतें. दोन वर्षें संपलीं तेव्हां, २०१८ मध्यें, नियमाची भाषा बदलली. ज्यापासून पुन्हां वस्तु करतां येत नाहीं, किंवा ज्यापासून उष्णता मिळत नाहीं, किंवा ज्याचा दुसरा कांहीं उपयोग नाहीं, असें वेष्टन तेवढें बंद करावयाचें असें ठरलें. जाळून उष्णता मिळत नाहीं असें प्लास्टिक कोठें सांपडणार? पुडी सुटली. शाळेंत आम्ही मुलांना सांगत असूं कीं एका उभयान्वयी अव्ययानें वाक्याचा अर्थ फिरतो. त्याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

त्याच वर्षीं, २३ मार्च २०१८ रोजीं, महाराष्ट्र सरकारनें प्लास्टिक आणि थर्माकोल यांच्या वस्तूंविषयीं अधिसूचना काढली. बंदीची तेवढी चर्चा झाली. पण तींत एक जुनी गोष्ट नव्या रूपानें आली होती तिकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें. दुधाची पिशवी परत घेण्याची किंमत तिच्यावर छापावी आणि ती निदान ५० पैसे असावी, असें तींत होतें. ही आरेच्या बाटलीचीच अनामत. कल्पना अचूक होती. पण बाटलीला परत जाण्याची वाट होती. जें केंद्र दूध देई तेंच बाटली घेई, आणि जी गाडी दूध आणी तीच बाटली नेई. पिशवीला किंमत छापून मिळाली, वाट मिळाली नाहीं. पिशव्या धुऊन, वाळवून, मोजून परत देणारें आणि त्यांचे पैसे घेणारें एकहि घर आमच्या आळींत मीं पाहिलेलें नाहीं. अनामत हा नुसता आंकडा नव्हे. ती जाण्यायेण्याची व्यवस्था आहे.

अशी व्यवस्था आजच्या काळांत चालतच नाहीं असें मात्र नाहीं. अमेरिकेंत ऑरेगॉन संस्थानानें १९७१ मध्यें बाटल्यांवर अनामत ठेवण्याचा कायदा केला. जर्मनींत २००३ पासून एकदांच वापरावयाच्या बाटल्यांवर आणि डब्यांवरहि अनामत आहे, आणि ती परत करण्याचीं यंत्रें दुकानांदुकानांतून आहेत. पण परक्यांकडे तरी कशाला पाहावें? तामिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यांत जंगलांतील जनावरांचे पाय मद्याच्या फुटक्या बाटल्यांनीं कापले जात. २०२२ मध्यें तेथील सरकारी दुकानांत प्रत्येक बाटलीमागें १० रुपये अधिक घेऊन, बाटली परत आणली कीं ते देण्याची पद्धत सुरूं झाली. रिकामी बाटली दुकानांत परत येऊं लागली. दहा रुपयांनीं तिला धनी मिळवून दिला.

आतां कारखानदाराचें कर्तव्य काय? २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीं तें बरेंचसें स्पष्ट केलें आहे. जो माल वेष्टनांत घालून बाजारांत आणतो, त्याच्यावर त्या वेष्टनाचीहि जबाबदारी आहे, असें हें तत्त्व. नव्या वेष्टनांत जुन्या प्लास्टिकचा अंश किती असावा याचीं उद्दिष्टेंहि त्यांत घातलेलीं आहेत. बाटल्यांसारख्या कठीण वेष्टनांत २०२५–२६ सालीं ३० टक्के आणि २०२८–२९ पर्यंत ६० टक्के. पिशवीसारख्या लवचीक वेष्टनांत १० पासून २० टक्के. आणि अनेक थरांच्या वेष्टनांत ५ पासून १० टक्के. या चढत्या आंकड्यांतच कोणतें वेष्टन परत येऊं शकतें आणि कोणतें नाहीं, याची कबुली आहे. अंधेरीस १९६६ पासून भारतीय वेष्टन संस्था आहे. हें शास्त्र शिकलेल्या माणसांची आपल्याकडे वाण नाहीं. एकाच पदार्थाचें वेष्टन करावें, म्हणजे तें वितळवून पुन्हां घडवितां येईल. जेथें शक्य तेथें तीच बाटली पुन्हां भरून द्यावी. आणि जेथें तें शक्य नाहीं तेथें अनामत ठेवून परत घेण्याची वाट स्वतः बांधावी. हिरव्या रंगाचें पान छापून आणि 'पर्यावरणस्नेही' असा शिक्का मारून वेष्टन परत येत नाहीं.

आणि गिऱ्हाइकाचें काय? वेष्टन परत नेण्याचा वाटा पूर्वीं आपणहि उचलीत होतों. पहांटे रिकामी बाटली घेऊन रांगेंत उभें राहणें हें कष्टाचें काम होतें. आपण सुटलों म्हणून आपल्याला आनंदच झाला. त्या सुटकेचे पैसे कोण भरतो तें पाहावयाचें असेल तर मोरव्याहून थोडें पुढें उत्तनपर्यंत यावें. तेथें धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा नेऊन टाकतात. उन्हाळ्यांत त्याला आग लागली म्हणजे धूर खालच्या कोळीवाड्यांवर उतरतो. ज्यांनीं त्या पिशव्यांतलें दूध प्यालें ते तेथें राहत नाहींत.

त्या मुलाला मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. घरीं येऊन विचार केला आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत सांगितलें, "ज्यानें तें भरून विकलें त्याचें तें अर्धें, आणि ज्यानें रिकामें केलें त्याचें अर्धें." मुलगा गणितांत हुशार होता. तो म्हणाला, "मग दोघेहि न्यायला कां येत नाहींत?" अनामत ठेवलेली नाहीं म्हणून, हें त्याचें उत्तर. तें मला तेव्हां सुचलें नाहीं. तो कोठें ऐकत असेल तर त्यानें तें आज ऐकावें.